हरवला तो पक्षी कीं पत्ता?

महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितां शिकवितां आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांपैकीं एक आम्ही सुमारें वीस वर्षें निर्वेधपणें करीत होतों. एखाद्या कवितेंत किंवा प्रवासवर्णनांत 'हमिंगबर्ड' हा शब्द आला कीं विद्यार्थी अर्थ विचारीत, आणि आम्ही क्षणाचाही विलंब न लावतां सांगत असूं, "आपला शिंजीर." वर्गाच्या खिडकीबाहेर जास्वंद होती व तिच्यावर शिंजीर येत असे, तिकडे बोट दाखविलें कीं शंकेचें निरसन झालें असें आम्ही समजत असूं. एके दिवशीं मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, "सर, शिंजीर तर फांदीवर बसून मध पितो, पुस्तकांतला पक्षी हवेंत उभा राहून पितो. मग दोन्ही एक कसे?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

ती शंका घेऊन आम्ही ग्रंथालयांत गेलों आणि स्वतःच्या चुकीचा माग काढतां काढतां दक्षिण अमेरिकेंतील एका पक्ष्याच्या इतिहासापर्यंत येऊन पोंचलों. तो पक्षी आम्हीं पाहिलेला नाहीं, आणि या वयांत तो पाहण्याचा योग येईल असेंही वाटत नाहीं. परंतु ज्यांनीं त्याला नांव दिलें व ज्यांनीं त्याचें चित्र प्रसिद्ध केलें, त्यांनीं तरी तो जिवंत कोठें पाहिला होता? हीच या इतिहासांतील विचार करण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहों.

प्रथम चुकीची दुरुस्ती. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचें कुळ एक नाहीं. हमिंगबर्डांच्या सुमारें ३६० जाति आहेत व त्या सर्व अमेरिका खंडांत, उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस तिएरा देल फुएगोपर्यंत, विखुरलेल्या आहेत. त्या खंडाबाहेर आज एकही जात रानांत आढळत नाहीं. नात्यानें पाहिलें तर हमिंगबर्ड हा शिंजिराचा नव्हे, तर आपल्या पाकोळीचा दूरचा भाऊबंद आहे. शिंजिराचा व त्याचा धंदा मात्र एकच, फुलांतील मध काढण्याचा. आणि एकच धंदा करणाऱ्या दोन परक्या माणसांच्या हातांना जसे सारखेच घट्टे पडावे, त्याप्रमाणें दोघांना लांब, बारीक चोंच आली. शिंजीर बहुधा देठावर बसून मध घेतो. हमिंगबर्ड हवेंत एका जागीं स्वतःला तोलून धरतो, प्रसंगीं मागेंही उडतो. आणि त्या वेळीं त्याच्या पंखांचा जो गुंजारव होतो, त्यावरून त्याला इंग्रजी नांव मिळालें. स्पॅनिश बोलणारे लोक त्याला 'पिकाफ्लोर' म्हणतात, म्हणजे फुलाला टोचणारा. आपल्याकडेही एका निराळ्याच चिमुकल्या पक्ष्याला 'फुलटोच्या' म्हणतात. दोन महासागरांच्या दोन तीरांवरील माणसांना एकच कल्पना सुचावी, हें गमतीचें खरें. पण कल्पना एक म्हणून पक्षी एक होत नाहीं.

आम्ही ज्या जातीचा इतिहास सांगणार आहों, ती पेरू देशाच्या उत्तर भागांत, आंदीज पर्वताच्या उतारावर, उत्कुबांबा नदीच्या खोऱ्यांत व त्याच्या आसपास राहते. तिचें शास्त्रीय नांव लॉडिजेशिया मिराबिलिस. 'मिराबिलिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ अद्भुत. इंग्रजी नांवांत तिच्या शेंपटीला स्वयंपाकघरांतील उलथन्याची उपमा दिलेली आहे, आणि ती काव्यमय नसली तरी अचूक आहे. पक्ष्याचें वजन सुमारें तीन ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबानें पाव तोळा. हमिंगबर्डाच्या शेंपटींत सामान्यतः दहा पिसें असतात. याच्या शेंपटींत चारच. नराचीं त्यांपैकीं दोन पिसें अंगाहून लांब, तारेसारखीं बारीक, एकमेकांना छेदून जाणारीं. आणि प्रत्येकाच्या टोंकाला निळ्या-जांभळ्या रंगाची एक चकती. मादीला रिझविण्यासाठीं नर हवेंत तरंगत राहतो व या दोन चकत्या अंगाभोंवतीं अशा नाचवितो कीं, तीन पक्षी एकत्र उडत आहेत असा भास व्हावा.

या पक्ष्याचा लेखी इतिहास मात्र आंदीजमध्यें सुरू होत नाहीं. तो लंडनच्या हॅक्ने नांवाच्या भागांतील एका रोपवाटिकेंत सुरू होतो. ही वाटिका लॉडिजेस नांवाच्या, मूळच्या जर्मन, घराण्याची होती. ताडमाडांसाठीं तेथें प्रचंड काचघरें बांधलेलीं होतीं, आणि उष्ण प्रदेशांतील रोपें व आमरें यांचा तेथें मोठा व्यापार चाले. रोपें बंद काचेच्या पेट्यांतून समुद्रापार पाठवितां येतात हें डॉ. वॉर्ड यांनीं १८३३ सालीं जें सिद्ध केलें, तें याच वाटिकेच्या साह्यानें. पुढें अशाच पेट्यांतून चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आलीं. या घराण्यांतील जॉर्ज लॉडिजेस याला हमिंगबर्डांचा नाद होता. पेंढा भरलेले हमिंगबर्ड त्यानें शेंकड्यांनीं जमविले होते. ज्यांना तो रोपें आणावयास परदेशीं पाठवी किंवा पैसे पुरवी, त्यांच्याकडून पक्षीही येत.

अँड्र्यू मॅथ्यूज हा अशांपैकींच एक. तो १८३० च्या सुमारास पेरूमध्यें गेला आणि वनस्पति व पक्षी गोळा करीत हिंडूं लागला. १८३५ सालीं चाचापोयास गांवाच्या बाजूला त्याला हा पक्षी मिळाला: एक नर, पूर्ण वाढलेला. कातडें सोलून, वाळवून, जहाजानें तो लंडनला गेला व लॉडिजेसच्या संग्रहांत जाऊन बसला. मॅथ्यूज १८४१ सालीं चाचापोयास येथेंच मरण पावला. १८४६ सालीं लॉडिजेसही वारला. त्यानंतर, १८४७ सालीं, ज्यूल बूर्सिए या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञानें त्या एका कातड्यावरून जातीचें वर्णन लिहिलें व तिला 'अद्भुत' हें विशेषण दिलें. १८५० सालीं नेपोलियनचा पुतण्या चार्ल्स ल्युसियन बोनापार्ट, जो स्वतः नामांकित प्राणिशास्त्रज्ञ होता, त्यानें तिच्यासाठीं निराळा वर्ग करून त्याला लॉडिजेसचें नांव दिलें. मॅथ्यूजचें नांव दुसऱ्या एका हमिंगबर्डाच्या वांट्याला आलें. ज्या वाटाड्यानें मॅथ्यूजला त्या डोंगरांत नेलें असेल, त्याचें नांव कोणत्याही पक्ष्याला मिळालें नाहीं.

यानंतर पंचेचाळीस वर्षें, म्हणजे १८३५ पासून १८८० पर्यंत, विद्वानांच्या जगांत या जातीचें अस्तित्व म्हणजे तें एक कातडें. मादी कशी दिसते, पिलें कशीं असतात, तीं लांब पिसें उडतांना अडचण करतात कीं उपयोगीं पडतात, यांतील कांहींच कोणाला माहीत नव्हतें. पत्ता होता तोही मोघम: पेरू, चाचापोयास. ज्यानें सह्याद्रींत पायीं प्रवास केला असेल त्याला ठाऊक आहे कीं, डोंगराळ मुलखांत एका गांवाचें नांव सांगणें म्हणजे कांहींच न सांगण्यासारखें आहे. एका खिंडीच्या अलीकडे जें झाड मिळतें तें पलीकडे मिळत नाहीं.

त्या काळांत हमिंगबर्डांचा सर्वांत मोठा अधिकारी म्हणून जॉन गूल्ड याची ख्याति होती. १८४९ ते १८६१ या बारा वर्षांत त्याचा हमिंगबर्डांवरील पांच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत ३६० रंगीत चित्रें आहेत, आणि पिसांची झळाळी साधण्यासाठीं रंगाखालीं सोन्याचा वर्ख वापरलेला आहे. लॉडिजेशियाचें चित्रही त्यांत आहे, अर्थात् त्या एका कातड्यावरून काढलेलें. १८५१ सालीं लंडनला जें जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलें, त्याच सुमारास गूल्डनें रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत आपले पेंढा भरलेले हमिंगबर्ड काचेच्या पेट्यांत मांडले. पाऊण लाखाच्या आसपास लोक तें पाहण्यास आले. खुद्द व्हिक्टोरिया राणीही येऊन गेली. मुख्य प्रदर्शनांत तेव्हां आपला कोहिनूर मांडलेला होता. एकाच शहरांत, एकाच उन्हाळ्यांत, दूरदेशाहून आणलेल्या या दोन्ही झळाळत्या वस्तूंपुढें लोक रांगा लावून उभे होते, आणि ज्या मातीतून त्या उचलल्या त्या मातीचा विचार त्या गर्दींत फारसा कोणी केला असेल असें वाटत नाहीं.

अशा या गूल्डनें जिवंत हमिंगबर्ड प्रथम पाहिला तो १८५७ सालीं, उत्तर अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील एका बागेंत. त्याचा अर्धा ग्रंथ तोंपर्यंत लिहून झालेला होता. परत येतांना त्यानें दोन जिवंत पक्षी बरोबर घेतले. त्यांतील एक इंग्लंडचा किनारा दृष्टिपथांत येतां येतां मेला. दुसरा लंडनला पोंचून दोन दिवस जगला. गूल्डच्या परिश्रमांचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यानें आयुष्यभर शिंजीर दाखवून हमिंगबर्ड शिकविला, त्याला तो अधिकारही नाहीं. इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, त्या युगांत एखाद्या प्राण्याला जाणणें म्हणजे तो आपल्या पेटींत असणें, अशी समजूत दृढ झालेली होती.

ती समजूत थोडी तरी ढळविली ती यान श्टोल्त्समान या तरुण पोलिश निसर्गशास्त्रज्ञानें. त्या वेळीं पोलंड हें राष्ट्र नकाशावर नव्हतें. त्याचे लचके शेजाऱ्यांनीं वांटून घेतले होते व वॉर्सा शहर रशियाच्या अंमलाखालीं होतें. अशा स्थितींत तेथील विद्वानांनीं, ब्रानित्स्की नांवाच्या सरदार घराण्याच्या द्रव्यसाह्यानें, पेरूमधील पक्ष्यांचा अभ्यास आरंभिला. श्टोल्त्समान १८७५ पासून कांहीं वर्षें पेरूमध्यें राहिला आणि १८८० च्या सुमारास त्याला लॉडिजेशिया पुन्हां सांपडला. यावेळीं केवळ कातडीं मिळालीं नाहींत. पक्षी कसा उडतो, शेंपटीच्या चकत्या कशा हालवितो, कोणत्या झुडपांत हिंडतो, याचें प्रत्यक्ष निरीक्षण झालें. वॉर्साचे ताचानोव्स्की व श्टोल्त्समान यांचा तत्संबंधीं निबंध १८८१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत गूल्ड वारला होता.

येथें गोष्ट संपावी. पण १९६६ सालीं अमेरिकेंतील एका विख्यात भौगोलिक मासिकांत क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनीं या पक्ष्यावर छायाचित्रांसह एक लेख लिहिला, आणि त्याच्या मथळ्यांत पुन्हां तोच शब्द आला: पुनश्च शोध लागला! ग्रीनवॉल्ट हे एका मोठ्या रासायनिक उद्योगाचे प्रमुख व हमिंगबर्डांच्या उड्डाणाचे जाणते अभ्यासक होते. त्यांच्या सचोटीविषयीं शंका नाहीं. परंतु एकच पक्षी १८३५ मध्यें सांपडतो, १८८० मध्यें पुन्हां सांपडतो व १९६६ मध्यें आणखी एकदां सांपडतो, तेव्हां मधल्या काळांत तो कोणाचा हरवला होता, हें विचारणें प्राप्त आहे. उत्कुबांबाच्या खोऱ्यांत माणसांची वस्ती फार जुनी. तेथील कुएलापचा डोंगरी कोट स्पॅनिश लोक येण्याच्या कित्येक शतकें पूर्वीं बांधलेला आहे. चाचापोयास शहर १५३८ सालीं वसलें. शिवाय हा पक्षी घनदाट अरण्याच्या पोटांत लपून राहणारा नव्हे. अरण्याच्या कडेला, झुडपांत, शेताच्या बांधाशीं तो हिंडतो. ज्या शेतकऱ्याच्या कुंपणावर तो रोज येत होता, त्याच्या दृष्टीनें तो एक दिवसही हरवला नव्हता. हरवला होता तो लंडनमधील पेटीवरच्या चिठ्ठीचा पत्ता.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आज त्या पक्ष्याच्या जीविताशीं तो निगडित आहे. सुमारें २,१०० ते २,९०० मीटर उंचीच्या पट्ट्यांत, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही बऱ्याच वर, हा राहतो. अमेझॉनच्या सखल प्रदेशावरून येणारी दमट हवा आंदीजच्या उताराला लागून वर चढते, थंड होते व तिचें धुकें बनतें. आंबोलीच्या घाटांत पावसाळ्यांत जें चार महिने दिसतें, तें तेथें वर्षांतील बहुतेक दिवस दिसतें. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे व आमरें यांचे थर चढलेले असतात. तें धुक्यांतील पाणी शोषून घेतात व खालच्या झऱ्यांना पुरवितात. असें रान डोंगराच्या अंगावर पट्ट्यासारखें असतें. वर गेलें तर थंडी, खालीं आलें तर उष्मा. त्यामुळें येथील पुष्कळ जातींचें जग फार अरुंद असतें. पट्टा तुटला कीं त्यांना दुसरीकडे जाण्यास जागा नाहीं.

आणि पट्टा तुटत गेला आहे. गुरांच्या कुरणांसाठीं, शेतीसाठीं, कॉफीसाठीं उतार मोकळे करण्यांत आले. रानाची कड थोडीफार खाल्ली गेली तर हा पक्षी निभावून नेतो. पण कडच राहिली नाहीं तर तो काय करणार? त्यांत आणखी एक संकट असें कीं, नराचें हृदय वाळवून खाल्ल्यास पुरुषत्व वाढतें अशी तिकडे एक समजूत असून तीपायीं पोरें गलोलीनें नर टिपीत. प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आंतच असावी असा अंदाज करण्यांत आलेला आहे, व नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींत त्याची गणना होते. गलोलीची ही हकीकत वाचून आमच्यासारखा सुशिक्षित माणूस चटकन् नाक मुरडतो. परंतु त्यानें हेंही आठवावें कीं, इंग्लंड-फ्रान्समधील बायकांच्या टोप्यांसाठीं हमिंगबर्डांचीं कातडीं गठ्ठ्यांनीं लंडनच्या लिलावांत विकलीं जात, आणि ब्रिटिश पार्लमेंटला पिसांची आयात बंद करणारा कायदा करावयास १९२१ साल उजाडावें लागलें. भोळी समजूत खेड्यांतही असते व राजधानींतही. एकीला आपण अज्ञान म्हणतों, दुसरीला फॅशन.

२००६ सालीं जें घडलें तें आम्हांला या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचें प्रकरण वाटतें. पेरूमधील एकोआन ही निसर्गरक्षक संस्था, अमेरिकन पक्षिरक्षकांची आर्थिक मदत घेऊन, पोमाकोचास गांवाच्या समाजाकडे गेली. गांवची जमीन विकत मागितली नाहीं, कीं सरकारी हुकूमानें कुंपण घातलें नाहीं. गांवानें उएम्बो येथील सुमारें शंभर एकर जागा पक्ष्यासाठीं राखावी, असा करार झाला. पेरूमधील या प्रकारचा तो पहिलाच करार होय. त्या भागांत देशी झाडांचीं तीस हजारांवर रोपें लावण्यांत आलीं. पुढें दूरदूरचे लोक पक्षी पाहावयास तेथें येऊं लागले, आणि २००९ सालीं बी.बी.सी. च्या एका चित्रमालिकेंतून त्याचा नाच जगभर दिसला. मॅथ्यूजपासून चाललेल्या इतिहासांत या कराराच्या कागदावर उत्कुबांबाच्या खोऱ्यांतील माणसें प्रथमच बरोबरीचे पक्षकार म्हणून आलीं. शंभर एकरांनीं एक जात वांचेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण पत्ता कोणाला विचारावयाचा, हें तरी एवढ्या वर्षांनंतर कळलें.

हें सर्व आपल्यापासून फार दूरचें आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें आपल्या सातपुड्यांतील रानपिंगळ्याची कथा ऐकावी. या घुबडाचें वर्णन ह्यूम यानें १८७३ सालीं केलें. डेव्हिडसन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तें खानदेशांत मिळालें. आणि १८८४ नंतर तें दिसेनासें झालें. पुढें माइनर्ट्झहागेन या नांवाजलेल्या संग्राहकाजवळ एक नमुना निघाला, त्यावर चिठ्ठी होती गुजरातमधील मांडवीची व १९१४ सालची. ती चिठ्ठी खोटी होती: संग्रहालयांतील जुना नमुना चोरून, तो नव्यानें भरून, त्यावर ती लावलेली होती. खोट्या पत्त्यानें शोध करणारांची दिशाभूल झाली. अखेर पामेला रासमुसेन यांनीं कातडीं तपासून लबाडी ओळखली, खोटी चिठ्ठी बाजूला सारली, व १९९७ सालच्या नोव्हेंबरांत, त्या व त्यांचे सोबती जुन्या खऱ्या पत्त्यावर, शहाद्याजवळच्या रानांत गेले असतां दिवसाउजेडीं रानपिंगळा फांदीवर बसलेला दिसला. एकशें तेरा वर्षें आपण त्याला गेलेला समजत होतों. त्या रानांत राहणाऱ्या लोकांच्या कानांवर त्याचा आवाज त्या सर्व वर्षांत पडत असला पाहिजे. त्यांना विचारण्याची गरज मात्र फार थोड्यांना वाटली.

यावरून संग्रहालयें निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. मॅथ्यूजचें कातडें नसतें तर श्टोल्त्समानला शोधावयाचें काय हें कळलें नसतें. आणि जुन्या पेट्या जपून ठेविल्या नसत्या तर माइनर्ट्झहागेनची लबाडी उघडकीला आली नसती. नांव देणें ही रक्षणाची पहिली पायरी आहे, कारण ज्याला निराळें नांव नाहीं त्याची उणीवही कोणाला भासत नाहीं. आमच्या वर्गांत हमिंगबर्ड हा शिंजीरच होता. उद्यां पेरूमधील शेवटचा लॉडिजेशिया मेला असता, तर जास्वंदीवरचा शिंजीर पाहून आम्ही निश्चिंतपणें शिकवीत राहिलों असतों. मात्र नांव दिलें म्हणजे ज्ञान पुरें झालें, हा जो पेटींतल्या ज्ञानाचा गर्व, तो सोडला पाहिजे. पेटींतील अक्षर आणि बांधावरील माणसाची नजर, या दोहोंची गांठ पडेल तेव्हांच पत्ता पुरा होतो.

आतां 'हमिंगबर्ड' हा शब्द आला कीं आम्ही खिडकीकडे बोट दाखवीत नाहीं. फळ्यावर अमेरिकेचा ओबडधोबड नकाशा काढतों, आंदीजची रेघ ओढतों, उत्कुबांबाच्या जागीं एक टिंब देतों आणि उलथन्याच्या शेंपटीच्या त्या पाव तोळ्याच्या पक्ष्याची हकीकत सांगतों. पांच-दहा मिनिटें जातात. कविता तितकी मागें राहते. ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळें हा सर्व शोध आम्हांला करावा लागला, त्याचें नांव मात्र, सांगावयास लाज वाटते, आज आम्हांला आठवत नाहीं. त्या वर्षाच्या हजेरीपटांत तें असेल. तो काढून पाहावयाचा आहे.